तात्यासाहेबांचा राहिलेला चिरूट

मी हर्सूलला राहतो असं सांगितलं की नवखा माणूस आधी माझ्याकडं खालून वर बघतो आणि मग दबकत विचारतो, "सुटलात कधी?" आता आमच्या कॉलनीजवळ कारागृह आहे, हा काही माझा गुन्हा नव्हे. मी बद्रीनाथ, एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेला माणूस. जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. 'हर्सूल परिसर व्यसनमुक्ती समिती'चा मी सलग दहा वर्षं अध्यक्ष. आणि तोच मी, गेल्या भाद्रपदात, मुंबईहून निघालेल्या जहाजाच्या गच्चीवर, एका हातात चिरूट आणि दुसऱ्या हातात विलायती दारू घेऊन बसलेला अख्ख्या कॉलनीनं पाहिला. सकाळी दुधाची पिशवी आणायला गेलो की लोक अजून हसतात. म्हणून एकदा काय झालं ते सांगूनच टाकतो. माझा दोष नाही. दोष कावळ्याचा आहे.

आमचे वडील तात्यासाहेब तीन वर्षांपूर्वी नव्वदीत वारले. शेवटची सात वर्षं ते इथंच, आमच्याकडं होते, पण दहावं गावी फर्दापूरला केलं. नदीकाठी पिंड मांडले आणि चाळीस माणसं हात जोडून लांब उभी राहिली. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं नाही असं समजायचं आणि जेवायला बसायचं, एवढा साधा कार्यक्रम. कावळे भरपूर होते, समोरच्या बाभळीवर ओळीनं बसलेले होते. एकही खाली येईना.

मी कार्यालयीन माणूस, म्हणून क्रमानं सुरुवात केली. तात्या, शेत विकणार नाही. तात्या, विहिरीचा गाळ काढतो. धाकट्याशी भांडणार नाही. म्हशीला नीट बघतो. म्हशीचं नाव काढल्यावर एक कावळा जरा हलला, पण तो शिटून परत बसला. दीड तास झाला. ऊन डोक्यावर आलं. पाव्हणे घड्याळं बघायला लागले. आमच्या आवडाबाई आत्या तर सरळ म्हणाल्या, "मेलेला माणूस असा अडून बसतोय व्हय कधी? जित्तेपणीबी असाच व्हता."

तेवढ्यात मुंजाबा पुढं आले. मुंजाबा म्हणजे तात्यांचे लहानपणचे दोस्त, जन्मभर मेंढरं राखलेले. म्हणाले, "आरं बद्री, म्हशीनं आन् विहिरीनं त्यो हालणार नाय. त्याचा चिरूट राहिला न्हवं का!"

ही चिरुटाची गोष्ट मला ठाऊक होती, पण चारचौघांत निघावी अशी नव्हती. पोलिस अॅक्शनला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या काळी गावाजवळच्या लेण्यांत वीज नव्हती, म्हणून तात्या आणि मुंजाबा लेण्याच्या तोंडाशी आरसा धरून आत उजेड पाडायचे. एकदा एका गोऱ्या साहेबासाठी तात्यांनी दिवसभर उन्हात आरसा धरला. साहेब खूश झाला. त्यानं तात्यांना आपला अर्धा ओढलेला चिरूट दिला, चपट्या बाटलीतली झाकणभर विलायती पाजली आणि वाटाड्याकरवी सांगितलं, "ही काही खरी मजा नव्हे. खरी मजा जहाजाच्या गच्चीवर, दिवस मावळताना." झालं! तेव्हापासून तात्यांनी जन्मभर बिडी ओढली आणि प्रत्येक बिडीला म्हणाले, "एकदा जहाजावर बसून चिरूट वढायचा राहिलाय बग." समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही. हर्सूलचा तलाव दाखवला तर म्हणाले, "जहाज कुटंय?"

आता चाळीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षानं काय करावं, विचार करा. पण भूक फार वाईट असते. मी हात जोडून म्हणालो, "तात्या, जहाजावर नेऊन तुम्हाला चिरूट आणि विलायती ठेवीन." वाक्य पुरं व्हायच्या आत तीन कावळे पिंडावर तुटून पडले.

"बग! म्हातारा आयकत व्हता," मुंजाबा म्हणाले.

दिलेला शब्द मी रीतसर विसरलो. कावळे विसरले नाहीत. पुढच्या दोन्ही पितृपक्षांत तात्यांच्या तिथीला, भाद्रपद वद्य पंचमीला, आम्ही गच्चीवर पान वाढून ठेवलं. खीर, वडे, गवारीची भाजी, शेजारी बिडीचं बंडल. शेजारच्या घरचे कावळे कढीसुद्धा पिऊन गेले, आमच्या पानाकडं ढुंकून नाही बघितलं. तिथून वच्छलाचं सुरू झालं. वच्छला म्हणजे आमची मंडळी. बोअरचं पाणी आटलं, मिक्सर जळला, लेकीच्या बदलीचं काम अडलं, माझा गुडघा धरला, सगळ्याला एकच कारण. "शब्द दिला व्हता ना तुम्ही? मग द्या की त्या मान्साला त्याचा चिरूट."

यंदा क्रांती चौकातून जाताना मला रामकिसनच्या सहलीच्या दुकानावर फलक दिसला. 'जहाजाची तीन दिवसांची सफर, निम्म्या दरात.' मी आत गेलो. रामकिसन म्हणाला, "काका, सफर एक नंबर. फक्त तारखा पितृपक्षात येतात, म्हणून आपली माणसं घेईनात." मी घरी येऊन भीतभीत सांगितलं. मला वाटलं वच्छला म्हणेल, पितरांच्या पंधरवड्यात कुणी हवापालटाला जातं का? तिनं कालनिर्णय काढलं, बोट फिरवलं आणि मटकन खाली बसली.

"अहो, जहाज निघायचं त्याच दिवशी पंचमी हाय. तुमच्या बापानं स्वतः तिकीट काढलंय हे."

इथपर्यंत ठीक होतं. नडला तो माझा स्वभाव. चौतीस वर्षं कागदाशिवाय मी टाचणीसुद्धा घेतलेली नाही, मग दारू कशी घेणार? आपल्या राज्यात दारूला परवाना लागतो. पिणारे काढत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. मी उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन अर्ज भरला. आधारवर गाव औरंगाबाद, अर्जावर छत्रपती संभाजीनगर. ही दोन्ही गावं एकच असल्याचं स्वयंघोषणापत्र मी कुणी मागायच्या आधीच जोडलं. कारणाच्या ओळीपाशी मात्र माझा हात थांबला. मद्य कशासाठी? तब्येत राखण्यासाठी, असं छापलेलंच होतं. खोटं कसं लिहायचं? मी खिडकीतल्या बाबूंना विचारलं, "मद्य माझ्या वडिलांना द्यायचंय. अर्ज त्यांच्या नावानं केला तर?"

"त्यांना घेऊन या."

"ते वारले."

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काका, मयताच्या नावानं परवाना निघत नाही. तुमच्या नावानं करा. वर्षाचा काढू का आजीवन?"

माझ्या मागं रांगेत सात-आठ जण होते. वर्षाचा म्हटलं तर माणूस एकदाच पिणारा, कद्रू दिसेल असं मला उगीचच वाटलं. "आजीवन," मी छाती काढून म्हणालो. आणि मागं वळून बघतो तर रांगेत चौथा, मेव्हण्याच्या हॉटेलच्या कामासाठी आलेला, आमच्या समितीचा सचिव कारभारी.

कारभारीनं नुसता नमस्कार केला. त्या नमस्कारानं मी घरी पोचायच्या आत कॉलनीत बातमी पोचवली. दारात येईतो तीन बायका वच्छलाला धीर देऊन गेल्या होत्या. एकीनं लिंबाचं लोणचं दिलं, उतरायला बरं म्हणून. पाटबंधारे खात्यातल्या निवृत्त शेजाऱ्यानं मला बाजूला घेऊन अगदी प्रेमानं सांगितलं, "सोड्यात घेऊ नका, पाण्यात घ्या. आन् आधी खाऊन घ्या." दहा वर्षं हाच माणूस माझ्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसत होता.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. विषय क्रमांक एक, मा. अध्यक्षांचा आजीवन परवाना. मी उभा राहिलो आणि नदीकाठापासून सगळं सांगितलं. कावळा शिवला नाही म्हटल्यावर मात्र सगळे गंभीर झाले. कारण व्यसन वेगळं आणि कावळा वेगळा. कारभारीनं शेवटी ठराव मांडला, "अध्यक्षसाहेबांनी वडलांपुढं वस्तू ठेवाव्यात. सोता तोंड लावू नये. तोंड लावलं तर राजीनामा. आन् सगळा विधी व्हिडिओ लावून समितीला दाखवावा." ठराव एकमतानं मंजूर झाला. माझंही मत त्यातच धरलं.

आता खरं सांगायचं, तर आतून मला जरा वाईट वाटलं. पासष्ट वर्षांचा झालो, ती चव कशी असते हे एकदा, अगदी एकदाच बघावं, असं मनाच्या एका कोपऱ्यात होतं. पण ते वच्छलालासुद्धा बोललो नव्हतो.

पंचमीला पहाटे कल्याणला वच्छलाच्या बहिणीकडं, सरूबाईकडं उतरलो. दोघी बहिणींनी वडे तळले, खीर केली, भाजी केली, डबे बांधले आणि दुपारी आम्ही बंदरात हजर झालो. तिथं सामान तपासणारी बाई म्हणाली, बाहेरचं अन्न जहाजावर चालत नाही.

"हे आमचं नाय," वच्छला म्हणाली, "सासऱ्याचं जेवन हाय."

"सासरे कुठं आहेत? त्यांचा पास?"

"ते वर हायत."

बाईनं वर, जहाजाकडं बघितलं. पुढं अर्धा तास त्या बिचारीनं प्रवाशांच्या यादीत तात्यासाहेब शोधले. मागची रांग वाढत गेली. शेवटी मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा डबे तिथंच राहिले आणि ओशाळलेल्या मला घेऊन वच्छला पुढं निघाली. वर गेल्यावर तिनं माझ्या डोक्यावरची टोपी उचलली. आत रुमालात गुंडाळलेले दोन वडे होते. ते तिनं कधी ठेवले ते मला आजतागायत कळलेलं नाही. डोकं कोमट का लागतंय, एवढंच वाटत होतं.

चारच्या सुमाराला जहाज हललं. जहाज कसलं, क्रांती चौकातली बाजारपेठ उचलून पाण्यात ठेवलेली. वरच्या गच्चीवर एका कोपऱ्यात धूम्रपानाची सोय होती आणि तिथल्या बारवर एक मिशाळ, पन्नाशीचा गृहस्थ उभा होता. मी इंग्रजीत वाक्य जुळवायला लागलो, तर तो म्हणाला, "मराठीत बोला ना काका. टोपीवरून वळखलं. मी बन्सी. सिल्लोडचा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सिल्लोड म्हणजे फर्दापूरच्या वाटेवरचं, अगदी घरचं. मी त्याला सगळं सांगितलं आणि आधी खिशातून परवाना काढून त्याच्यापुढं धरला.

"ठेवा खिशात, काका. इथं कुणी बघत नाय."

"बघत नाही म्हणजे? आजीवन आहे. शिक्का बघा."

"लई भारी शिक्का हाय. ठेवा."

चार खेटे घालून काढलेला कागद! मी हिरमुसून तो टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून वर वड्यांची बशी ठेवली. बन्सीनं ग्लासात विलायती ओतली, पेटीतून बोटभर जाडीचा चिरूट काढला आणि कसल्याशा छोट्या अडकित्त्यानं त्याचं टोक कचकन उडवलं.

वच्छला किंचाळली. "खंडित केला! खंडित वस्तू पितराला ठेवत्यात का?"

"मावशी, टोक कापल्याबिगर वढता येत नाय."

दुसरा चिरूट मागवला. तो अखंड ठेवला, तर बन्सी म्हणाला, "पेटवणार कसा? तोंडानं वढला तरच पेटतो ह्यो."

आणि इथं आमचं सगळं शास्त्र अडलं. तोंडानं ओढला की उष्टा झाला. उष्टं पितराला चालत नाही. न पेटवता ठेवावा, तर तात्या काय चघळणार होते? शेवटी वच्छलानं तोड काढली. टोक कापलेलाच घ्यायचा, कारण साहेबानंही कापलेलाच दिला होता. पेटवायचा मात्र वाऱ्यावर. बन्सीनं काडी धरली, मी टोपीनं वारा घातला, वच्छला पदरानं आडोसा करत होती. शेजारचे गोरेगोमटे प्रवासी खुर्च्या सरकवून लांब गेले. चिरूट तीनदा लाल झाला आणि तीनदा विझला. टोपीची कड मात्र पेटली.

"बरं, कावळा कुटंय?" वच्छलानं विचारलं.

एवढा मोठा बेत, आणि समुद्रात कावळा कुठून येणार, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी बन्सीकडं बघितलं. बन्सी म्हणाला, "एक हाय, काका. मुंबईच्या बंदरात चढलाय, आता उतरत नाय. पोहायच्या हौदापाशी बसून बटाट्याच्या फोडी खातो."

आणि खरंच, हाक मारल्यासारखा तो आला. समोरच्या कठड्यावर बसला. वच्छलानं फोन उभा करून व्हिडिओ लावला. किनारा अजून दिसत होता, त्यामुळं रेंज होती. पडद्यावर अख्खी समिती दिसायला लागली, मधोमध कारभारी.

मी हात जोडले. "तात्या, हे जहाज. हा चिरूट. ही विलायती. घ्या."

कावळा मान वाकडी करून बघत राहिला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली, पाव तास गेला. मी पुन्हा शेत, विहीर, म्हैस सुरू केलं. म्हैस मागंच विकली होती, हे आठवून जीभ चावली. दिवस पाण्याला टेकत आला. ग्लासातला बर्फ विरघळला. फोनमधून कारभारी म्हणाला, "वडा जरा म्होरं सरकवा." सरकवला. कावळा दोन पावलं मागं गेला.

मला आता राग यायला लागला होता. "अजून काय पाहिजे यांना? सगळं तर आणलं!"

तेव्हा वच्छला बोलली. फोनकडं न बघता, माझ्याकडंही न बघता.

"सगळं आणलं. पण तुम्ही बसलात का त्यांच्यापाशी? सात वर्षं घरात व्हते. अध्यक्षाच्या घरात बिडी नको म्हणून तुम्ही त्यांना पाण्याच्या टाकीमागं धाडायचे. पावसात छत्री घेऊन उभं राहायचे ते. मी बघितलंय. येकदा मला म्हनले, वच्छे, बिडीचं काय नाय गं, येकट्यानं वढवत नाय."

 छत्री घेऊन उभे राहिलेले तात्या मलाही दिसायचे. समितीचा फलक आमच्याच फाटकावर होता, लोक काय म्हणतील, एवढंच तेव्हा मनात यायचं. एकदा मी त्यांच्या उशाखालचं बंडल फेकून दिलं होतं. ते ओरडले नाहीत, नुसते उशी झटकून नीट ठेवत राहिले. ते आठवलं आणि जहाजावर, शंभर माणसांत, मी रडायला लागलो. चूक माझी होती. सात वर्षं माझीच होती.

मी खुर्ची ओढली, कावळ्याच्या समोर बसलो आणि चिरूट उचलला.

"अध्यक्षसाहेब!" फोनमधून कारभारी ओरडला. "ठराव!"

"बन्सी, पेटव," मी म्हणालो.

बन्सीनं काडी धरली. मी ओढला. घशात कुणी होळी पेटवली असं वाटलं. खोकून खोकून डोळे बाहेर आले. शुद्ध राहावी म्हणून हाताला लागलेला ग्लास तोंडाला लावला, तर ती विलायती निघाली. आता खोकलाही पेटला. तशातच मी म्हणालो, "तात्या, बसलोय बघा तुमच्यापाशी. उष्टा झाला, पण घ्या. एकट्यानं नका ओढू."

आणि कावळा उडाला तो थेट टेबलावर. एका वड्याचा लचका तोडला. ग्लासाच्या कडेवर चोच घासली. वच्छला मोठ्यानं म्हणाली, "शिवला गं बाई, शिवला!" फोनमध्ये टाळ्या वाजल्या. मग त्यानं बशीला एक ढुशी दिली, खालचा परवाना चोचीत धरला, अगदी शिक्क्याच्या बाजूनं, आणि उडाला.

"अहो, कागद!" वच्छला ओरडली.

मी धावलो, पण गुडघा. तो वर, जहाजाच्या धुराड्यापलीकडच्या काठीवर जाऊन बसला. परवाना पायाखाली दाबून पश्चिमेकडं तोंड करून बसला. समोर समुद्र होता आणि दिवस मावळत होता.

मी परत येऊन खुर्चीत बसलो. फोन अजून चालूच होता. मग कारभारी हळूच म्हणाला, "साहेब, राजीनाम्याचं आपण नंतर बघू. आमचे बी वडील टाकीमागंच वढायचे." आणि त्यानं फोन बंद केला.

वच्छलानं डोळे पुसले आणि ग्लास माझ्याकडं सरकवला. "संपवा आता. टाकून द्यायचं नाय, प्रसाद हाय."

"परवाना नाही माझ्याकडं," मी म्हणालो.

"तुमच्या बापाकडं हाय की. आजीवन."

मी वर बघितलं. चिरूट एव्हाना नीट पेटला होता. मी एक झुरका घेतला, या खेपेला कमी खोकलो आणि शेजारची खुर्ची जरा ओढून जवळ घेतली.